पोटाच्या चार थरांचा अभ्यास

त्या वर्षी मी लोकांना काय खाऊ नये ते सांगायचं काम सोडलं आणि लोक काय खातात ते लिहून घ्यायचं काम धरलं.

पहिलं काम सोलापुरातच होतं, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात. साखर वाढलेली माणसं आतून बाहेर आली की मी त्यांच्या हातात एक छापील कागद ठेवायचे. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, दुपारी दोन फुलके आणि वाटीभर वरण, रात्री सूप. हा कागद कुठल्या गावच्या माणसासाठी छापला होता देव जाणे. मोहोळहून आलेल्या एका धिप्पाड गड्यानं तो खालीवर दोनदा वाचला आणि अगदी मनापासून विचारलं, "हे अ‍ॅडमिट झाल्यावर देतात का?" मी म्हटलं, घरीच खायचं. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि समोरच्या गाड्यावर जाऊन भजी खाल्ली. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. दुपारी माझ्या डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर तेलाची धार असायची, त्यामुळं त्याला बोलायची माझीही सोय नव्हती.

तेवढ्यात कळलं, की पुण्याच्या एका संशोधन संस्थेला सोलापूर भागात गावोगाव फिरायला आहारशास्त्र शिकलेली बाई हवी आहे. मी अर्ज केला आणि त्यांनी घेतलं. आमचं घर विणकरांचं, घरात तेलुगू. आईनं आयुष्यभर कारखान्यात सुताच्या कांड्या भरून मला शिकवलं होतं. नव्या कामात लोकांचं रक्त आणि संडासचे नमुने गोळा करायचे आहेत, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग एवढंच विचारलं, "हातमोजे देतात का?" देतात म्हटल्यावर तिनं विषय संपवला.

प्रकल्पाचे मोठे सर पन्नाशीचे, काही वर्षं परदेशात राहून आलेले. त्यांनी आम्हा नेमलेल्या बायकांना एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये बसवून शिकवलं. पडद्यावर चार रंगांचे चार थर होते. पहिला थर जनुकांचा, तो रक्तातून कळणार. दुसरा आतड्यातल्या जंतूंचा, तो नमुन्याच्या डबीतून. तिसरा रक्तात फिरणाऱ्या शेकडो रसायनांचा, खाल्लं-न खाल्लं की ती बदलतात. आणि चौथा आहाराच्या नोंदीचा, म्हणजे आम्ही फॉर्म भरून आणू तो.

"हा चौथा सगळ्यात कच्चा लेयर," सर म्हणाले. "माणसं खोटं बोलतात. शरीर खोटं बोलत नाही. चारही लेयर एकमेकांवर ठेवले की अन्न शरीरात नेमकं काय करतं ते आपोआप दिसेल."

प्रश्न खरा होता, हे मला मान्य करायला हवं. एका ताटात जेवणारे दोन भाऊ मी दवाखान्यात पाहिले होते. एकाची साखर आभाळाला टेकलेली, दुसऱ्याला काही नाही. असं का होतं हे कुणाला सांगता येत नव्हतं, आणि मी दोघांनाही तोच ओट्सचा कागद देत होते. त्यामुळं सरांचं बोलणं मी भक्तिभावानं ऐकलं. दुपारी आमच्यासाठी पुरी आणि श्रीखंड मागवलं होतं. सरांनी स्वतःच्या डब्यातले मोड आलेले मूग खाल्ले.

माझ्या वाट्याला होटगीच्या पलीकडं एक गाव आलं आणि त्या गावातली एक वस्ती. शेरडं-मेंढरं, कोरडवाहू ज्वारी, बोलण्यात अधूनमधून कानडी. अभ्यासाला पंचविशी ते पन्नाशीतल्या, दोन्ही वेळ ज्वारी खाणाऱ्या बायका हव्या होत्या. वस्तीत अशा आठ निघाल्या. नववी स्वतःहून पुढं आली. सत्तरीची, काटक, कमरेला पानतंबाखूची चंची, सगळे तिला अव्वा म्हणायचे. तिची सून आठांतली एक होती.

"मला बी लिही," ती म्हणाली.

"अव्वा, तुमचं वय बसत नाही," मी म्हटलं.

"बसत न्हाय म्हंजी?"

"पन्नासच्या आतलं लागतं."

"मग हितं पन्नास वर्सं ज्वारी मी खाल्ली, का हिनं?" तिनं सुनेकडं बोट केलं. फॉर्मवर या प्रश्नाला जागा नव्हती.

आहाराची नोंद मी तासाभरात उरकली. अव्वाच्या ओट्यावर बसले, एकेकीला बोलावलं, काल काय खाल्लं विचारलं. दोन भाकरी, भाजी, वरण, ताक. दुसरीचं तेच. तिसरीचंही तेच. मी मनात म्हटलं, किती छान, एकसारखा आहार, संशोधनाला याहून काय हवं. अव्वा शेजारी बसून पान लावत होती आणि प्रत्येकीच्या उत्तराला मान हलवत होती.

रक्त सकाळीच घेतलं. बायका घाबरल्या, पण दिलं. अडलं ते डबीपाशी. फॉर्मवर 'मल नमुना' असं छापलं होतं. मल म्हणजे काय, कुणाला कळेना. एकीला ते डोक्याला लावायचं मलम वाटलं. मी शौच म्हणून पाहिलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी अव्वा म्हणाली, "अगं, ती हागणं मागतीया." सगळ्या पदर तोंडाला लावून घरात पळाल्या.

डबी पांढरी, झाकण निळं, झाकणाला आतून चिमुकला चमचा. सोबतच्या कागदावर चित्र काढून सगळं समजावलेलं होतं. चित्रात पाश्चात्त्य पद्धतीचा कमोड, शेजारी वॉश बेसिन आणि हसरी बाई. वस्तीत सरकारी योजनेतून बांधलेले संडास होते. त्यातल्या दोनात कडबा भरला होता. एकात कोंबड्या बसायच्या.

पहिल्या दिवशी मी सकाळी आठला पोचले. आठही डब्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशीही तेच. अव्वाची सून म्हणाली, "म्याडम, पाणी भराया पायजे, शेरडं सोडाया पायजे, पोरांची शाळा, तव्यावर भाकरी. तुमच्या डबीला येळ कुटला काडू?" हे ती अगदी हळू बोलली. बाकीच्यांनी तेवढंही सांगितलं नाही.

पुण्याहून सरांचा रोज फोन. बाकीच्या गावांचं झालं, तुमचंच राहिलंय. मग त्यांनी तोडगा काढला. जी बाई डबी देईल तिला प्रकल्पाचं चिन्ह कोरलेला एक स्टीलचा डबा भेट. एक डबी, एक डबा. मी हे वस्तीत जाहीर केलं. बायका आपापल्या कामाला लागल्या, पण अव्वानं मला बाजूला घेतलं.

"डब्या माज्याकडं दे. परवा ये. आन भांडी घिऊनच ये."

परवा गेले तर ओट्याच्या सावलीत, ओल्या पोत्याखाली, आठही डब्या ओळीनं मांडलेल्या. भरलेल्या, झाकणं घट्ट, नंबर बरोबर. मला इतका आनंद झाला की मी अव्वाच्या पाया पडले. स्टीलचे आठ डबे तिच्या हवाली केले. "वाटते मी," ती म्हणाली.

आता खरं सांगायचं तर त्या डब्यांकडं बघून माझ्या मनात काहीतरी आलं होतं. आठ बायकांचं आठ तऱ्हांचं असायला हवं. हे फार शिस्तीत होतं. पण मनात आलेलं सगळं फॉर्मवर लिहायचं नसतं, हे मी तोवर शिकले होते.

कुरिअरवाल्यानं, आत काय आहे ते कळल्यावर, पेटी घ्यायला नकार दिला. मग मीच बर्फाची पेटी मांडीवर घेऊन सकाळच्या गाडीनं पुण्याला निघाले. कुर्डुवाडीला चढलेले एक गृहस्थ शेजारी बसले. बराच वेळ पेटीकडं बघून त्यांनी विचारलं, "काय, शेंगा चटणी का?"

"सॅम्पल आहे," मी म्हटलं.

"चटणीचंच?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी पुण्यापर्यंत चटणीत लसूण किती असावा यावर मला माहिती दिली.

चारपाच महिन्यांनी सरांचा फोन आला. इतके खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मॅडम, तुमच्या वस्तीनं कमाल केली." आठही बायकांच्या आतड्यातले जंतू जवळजवळ तंतोतंत एकसारखे निघाले होते. जुळ्या बहिणींचेही इतके जुळत नाहीत. शिवाय जंतू नुसते सारखे नाहीत, तर उत्तम. पुण्यातल्या लोकांच्या पोटातून केव्हाच नाहीसे झालेले प्रकार तिथं सुखानं नांदत होते. एक गाव, एक पाणी, एक ज्वारी, त्यामुळं एक आतडं, असा सरांचा सिद्धांत तयार झाला होता. त्याला त्यांनी इंग्रजीत एक भारदस्त नावही दिलं होतं, आणि त्यात सोलापूर होतं. मोठ्या परिषदेत ते हे मांडणार होते. त्याआधी संस्थेत रंगीत तालीम, तिला मीही यावं. बायकांचा एक फोटो पाठवा, म्हणाले, आणि भाकरीचा एक.

मी दोन्ही पाठवले. पुण्याला जायचं म्हणून नवीन चप्पलही घेतली.

तालमीच्या आधी चहाला सगळे उभे होते. संगणकावर हे चार थर एकमेकांशी जुळवायचं काम करणारी एक मुलगी होती, पंचविशीची, चष्मा, आवाज इतका बारीक की कान पुढं करावा लागे. तिनं मला खिडकीपाशी नेलं.

"ताई, एक विचारू? त्या आठ बायका आठ आहेत ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही त्यांना पाहिलंय ना?"

मी म्हटलं, पाहिलंय, फोटोही पाठवलाय. तेव्हा तिनं समजावून सांगितलं. डबीत जंतूंबरोबर त्या माणसाच्या स्वतःच्या पेशीही थोड्या येतात. त्यातली जनुकं आणि रक्तातली जनुकं तिनं सहज ताडून पाहिली. रक्ताच्या आठ नळ्या, आठ वेगळ्या बायका. डब्या आठ, पण बाई एकच.

"आणि ती एक बाई," ती आणखी हळू म्हणाली, "या आठांतली नाहीच. ही नववी कोण आहे?"

नववी म्हटल्याबरोबर मला कमरेची चंची दिसली. मी चहाचा कप खाली ठेवला.

"सरांना सांगितलंस?"

"तीनदा. ते म्हणतात मशीनची चूक असेल, परत कर. मी परत केलं. परत तेच आलं."

त्या दिवशीची तालीम झाली. सरांनी पडद्यावर माझ्या बायकांचा फोटो दाखवला. फोटोत आठ जणी उन्हानं डोळे बारीक करून उभ्या होत्या आणि मागं ओट्यावर, कॅमेऱ्याकडं न बघता, अव्वा तंबाखू मळत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. धीर मला दुसऱ्या दिवशी सोलापुरात परत आल्यावर आला, आणि तोही सरांशी बोलायचा नाही, अव्वाशी बोलायचा.

अव्वाच्या घरात मी याआधी ओट्याच्या आत गेले नव्हते. त्या दिवशी ऊन फार होतं म्हणून तिनं आत बोलावलं. भिंतीच्या फळीवर स्टीलचे आठ डबे ओळीनं लावलेले. आठांवर आमच्या प्रकल्पाचं चिन्ह. मी बघतेय हे तिनं बघितलं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

"जवस, तीळ, कारळं, हळद," तिनं बोट दाखवत सांगितलं. "शेवटचा रिकामाच हाय."

"अव्वा, आठही डब्या तुम्ही भरल्या?"

"व्हय."

"सगळ्या?"

"तुला डबी भराया पायजे हुती. ह्यांना लाज वाटती, येळ बी न्हाय. मला म्हातारीला कसली लाज? एका दमात समद्या भरल्या." तिच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता.

"आणि हे डबे?"

"मग फुकट दिऊ व्हय?"

मी कपाळाला हात लावला. पुण्यात केवढा गोंधळ झालाय, हे तिला जमेल तसं सांगितलं. तुमच्या पोटातले जंतू आठ वेळा तपासले, त्यावर मोठं भाषण तयार झालं. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तूच म्हनालीस माजं वय बसत न्हाय. बसलं की."

सरांना फोन केला. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता नोकरी गेली. मग त्यांनी विचारलं, "ती बाई काय खाते?"

चार दिवसांत सर गाडी घेऊन वस्तीत हजर. भाषण बुडालं होतं, पण जंतू तर खरे होते, आणि त्यांची मालकीण सापडली होती. तिच्यासाठी वयाची अट शिथिल करायला वरून परवानगी काढता येईल, असं ते मला गाडीतून उतरताना म्हणाले. त्यांना अव्वाचं रक्त हवं होतं. अव्वानं साफ नाही म्हटलं.

"टाकायचं हुतं ते दिलं. रगत मला लागतंय."

"बरं, निदान काय खाता ते तरी सांगा आजी," सर म्हणाले आणि मला फॉर्म काढायची खूण केली.

गाडीतून आलेल्या पाहुण्यासमोर घरची अब्रू काढायची नसते. अव्वानं सांगायला सुरुवात केली. सकाळी दूध आणि बदाम. दुपारी भाकरीवर लोणी, दोन भाज्या, दही. आठवड्याला दोनदा मटण. अधूनमधून खजूर. मी लिहीत होते. दारात उभ्या सुनेनं पदर तोंडात कोंबला होता. सर मान हलवत होते आणि मधूनच "फायबर" असं काहीतरी पुटपुटत होते. सर गेल्यावर तासाभरानं मी निघाले तेव्हा अव्वा परातीत कालची भाकरी ताकात कुस्करून खात होती. वर कच्चा कांदा. मला बघून ती दचकली वगैरे नाही. "बस, खा दोन घास," म्हणाली. मी खाल्ले.

त्या आठ जणींचे नमुने आता नव्यानं आणायचे होते. या वेळी मी डब्या कुणाच्या हातात दिल्या नाहीत. सहा-सात दिवस वस्तीतच काढले, चुलीपाशी बसून, बायकांच्या मागं मागं फिरून. अव्वाची सून पहाटेपासून उभी. सासू आठला जेवली, सुनेनं गरम भाकरी वाढली. मग नवरा जेवला, मग पोरं. शेवटी साडेअकराला तिनं तव्यावरची उरलेली अर्धी भाकरी चटणीशी उभ्यानंच खाल्ली. वरण संपलं होतं. रात्रीचंही असंच, इतर घरांतही थोड्या फरकानं असंच.

"मला तर दोन भाकरी सांगितल्या होत्या," मी तिला म्हटलं.

"तुमी अव्वांच्या म्होरं इचारलं," ती म्हणाली. "आन केलं काय ते सांगितलं की. खाल्लं काय ते कोन सांगतंय?"

मी हे सरांना कळवलं. बायका शेवटी जेवतात, उरलं तर जेवतात, आपल्या नोंदी चुकल्या. सरांनी ते गंभीरपणे घेतलं, आणि त्यांचं गंभीरपणे घेणं म्हणजे फॉर्ममध्ये एक रकाना वाढवणं. 'कुटुंबात जेवणाचा क्रमांक'. तो भरायला मी नव्हे, पुण्याहून दोन मुलं आली, कारण माझ्यावरचा विश्वास थोडा कमी झाला होता. त्यांनी ओट्यावर बसून, सासवांसमोर, प्रत्येकीला विचारलं. आठही जणींनी सांगितलं, "आमी समदी संगंच जेवतो." रकाना स्वच्छ भरला गेला.

आणि डब्या? त्या या वेळी खऱ्या होत्या. सुनेनं आपली डबी दोन पिशव्यांत गुंडाळून, माझ्याकडं न बघता माझ्या हातात दिली. मी नंबर टाकत होते. ती जाईना. मग म्हणाली, "ह्यात समदं दिसतंय का?"

"जे खाल्लं ते दिसतं."

"आन न खाल्लेलं?"

मी हे त्या चष्म्यातल्या मुलीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, डबीत नाही, पण रक्तात दिसतं, ताई. फार वेळ पोटात काही नसलं की शरीर आपलंच साठवलेलं जाळायला लागतं आणि त्याची खूण रक्तात सापडते. सकाळच्या त्या नळ्यांत, तिनं सांगितलं, तुमच्या बहुतेक बायकांच्या रक्तात ती खूण आहे. मला बरं वाटलं. वाटलं, चला, तिसऱ्या थरानं तरी खरं सांगितलं.

निष्कर्ष सांगायला सर पुन्हा वस्तीत आले. शाळेच्या खोलीत बायका बसल्या, सासवा पुढं, सुना मागं. सर म्हणाले, या गावातल्या भगिनींच्या रक्तात दीर्घ उपवासाच्या उत्तम खुणा आहेत. दोन जेवणांत मोठं अंतर ठेवायची ही शहाणी परंपरा आज सगळं जग शिकू पाहतंय. शहरातली माणसं त्यासाठी मोबाइलवर अ‍ॅप घेतात. तुम्हाला ते आजीकडून आलंय.

मग त्यांनी मला सोप्या भाषेत समजावून सांगायला सांगितलं. मी उभी राहिले. "सर म्हणतात, तुम्ही उशिरा जेवता ते चांगलं आहे," मी म्हटलं. मागच्या ओळीत सून बसली होती. ती मांडीवरच्या पोराचे केस सारखे करत राहिली.

परतताना गाडीत मी सरांना म्हटलं, "सर, तो उपवास नाही. त्यांना वेळेवर जेवायला मिळत नाही."

"फॉर्ममध्ये तसं नाही ना," सर म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, रागाचा नव्हता. "पहिले फॉर्म तुम्हीच भरलेत. दोन भाकरी, वरण, ताक. नवीन रकान्यातही सगळे एकत्र जेवतात. पोटभर आहार आहे आणि तरी अंतर आहे, म्हणजे तो उपवासच झाला. चार लेयर जुळतायत."

चूक काढायला जागा नव्हती. तो चौथा थर मीच घातला होता, ओट्यावर बसून, तासाभरात. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. होटगीचं फाटक पडलं होतं, मालगाडी फार लांब होती.

पुढं तो लेख इंग्रजीत छापून आला. शेवटी आभारात माझं नाव होतं, आडनावाची दोन अक्षरं उलटसुलट. प्रकल्पाचा निधी संपला तसं माझं कामही संपलं. जाण्याआधी प्रत्येकीला तिच्या तपासणीचा कागद नेऊन द्यायचं तेवढं शिल्लक होतं. कागद इंग्रजीत होता. सुनेचं रक्त फार कमी होतं, हे त्यात एका ओळीत लिहिलेलं, आणि त्यापुढं कुणी काही करावं असं कुठं नव्हतं.

मी तिचा कागद तिला दिलाच नाही. अव्वासमोर उलगडला आणि बोट फिरवत वाचल्यासारखं केलं.

"अव्वा, मशीननं सांगितलंय. सुनेनं सकाळी नऊच्या आत जेवलं पाहिजे. दोन भाकरी, डाळ पाहिजेच. नाहीतर रक्त बिघडतंय."

आहारतज्ज्ञ म्हणून एवढ्या वर्षांत मी इतकं धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते. म्हणजे त्यातला सल्ला खरा होता, कागद खोटा होता. आजवर मी बरोबर उलटं करत आले होते.

अव्वानं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं तो वरपासून खालपर्यंत बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"मशीननं सांगितलं, का तू?"

"मशीननं."

"बरं," ती म्हणाली आणि कागद घडी करून चंचीत ठेवला.

महिन्याभरानं मी सुनेला फोन केला. शेरडं सोडून नुकतीच आली होती, दम लागला होता. मी विचारलं, जेवलीस का.

"व्हय की. नऊलाच. अव्वाच वाडत्यात," ती म्हणाली. मग आवाज खाली आणला, कारण अव्वा जवळच असावी. "पर रोज वाडताना म्हनत्यात, ही मशीन आमच्या येळंला कुटं मेली हुती."